मंडळाचा पाऊस, गावाचा शब्द

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बरोबर पाच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, पुन्हा तसाच आदेश निघाला. या वेळी तालुके होते ४०. दोन्ही याद्यांत जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका होता. त्यातल्या पिंपळगाव रेणुकाई गावच्या माणसाला दुष्काळाचे नवल नाही. रायघोळ, जुई, केळणा अशा नद्या असलेला हा तालुका. पण पावसाने ओढ दिली की याच नद्यांच्या पात्रात झिरे खणायची वेळ येते. नवी होती ती यादी तयार होण्याची पद्धत. दोन्ही वेळा पहिला शब्द माणसाचा नव्हता. पावसाची तूट, दोन पावसांतला खंड, पिकांचा हिरवेपणा, जमिनीतली ओल हे सगळे संगणकाने आधी मांडले, तालुका निकषात बसतो की नाही ते सांगितले, आणि मग माणसे खात्री करायला शेतात उतरली.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या आयुष्यातले किती निर्णय असे दोघांमध्ये वाटले गेले, याचा हिशोब सहसा कोणी मांडत नाही. फवारणी कधी करायची, विमा मिळणार की नाही, कर्ज माफ झाले की राहिले, गावाच्या पाण्यात किती पिके बसतील, तालुका दुष्काळी की सुकाळी, या सगळ्यांत आता कुठेतरी एक यंत्र बसलेले आहे. ते कुठे उपयोगी पडले आणि कुठे माणसाच्या मुळावर आले, हे मागे वळून पाहिले तर बऱ्यापैकी स्पष्ट दिसते.

आधीची रीत पैसेवारीची. तलाठी, सरपंच, सोसायटीचा अध्यक्ष, गावातले जाणते शेतकरी अशी समिती बसायची. हलकी, मध्यम, भारी जमीन बघून शेते निवडायची, ठरावीक तुकड्यातले पीक कापून तोलायचे आणि नेहमीच्या उत्पन्नाशी ताडून पाहायचे. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या आत गाव आले की महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी माफ. या पद्धतीची ताकद अशी की निर्णय घेणाऱ्याचे पाय शेतात असत. तिचा दोष असा की निर्णय यायला डिसेंबर उजाडे, तोवर बैलजोडी बाजारात विकून झालेली असे. शिवाय पन्नास पैशांच्या रेषेवर फार ओढाताण चाले. एका गावाची पैसेवारी अठ्ठेचाळीस आणि बांधाला बांध लागलेल्या गावाची बावन्न, असे होई, आणि ते का हे कोणी समजावून सांगू शकत नसे. २०१२-१३ चा दुष्काळ जालन्याने याच पद्धतीत काढला. मोसंबीच्या वाळलेल्या बागांवर लोकांनी स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवली. कोणत्याही कागदावर पैसे-आणे लिहिण्याआधी त्या बागा मेल्या होत्या.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता काढली आणि पैसेवारीचा दुष्काळ ठरवण्यातला मान गेला. नव्या रीतीत पहिली कळ पावसाची: सरासरीपेक्षा किती कमी पडला आणि तीन-चार आठवडे सलग खंड पडला का. ती लागली तर दुसरी कळ: पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेला हिरवेपणा, जमिनीतली ओल, धरणे आणि भूजल. तीही लागली तर तिसरी पायरी माणसाची. तालुक्यातली दहा टक्के गावे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची आणि तिथल्या पिकांची प्रत्यक्ष पाहणी करायची. २०१८ साली या पाहणीसाठी नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने 'महामदत' नावाचे ॲप तयार केले. कृषी सहायक आणि तलाठी शेतात उभे राहून त्यात फोटो आणि नोंदी भरत. त्या ऑक्टोबरात आधी १८० तालुक्यांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली होती. पाहणीनंतरच्या अंतिम यादीत १५१ उरले. त्यांतले ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. यंत्राने उभी केलेली यादी माणसाच्या पाहणीनंतर लहान झाली, हे या सगळ्या काळातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण आहे. गळलेल्या तालुक्यांना ते गोड लागले नाही, हे उघड आहे. पण निर्णयाची जागा तरी दिसत होती: कोणत्या गावात, कोणत्या शेतात, कोणी पाहिले.

त्याच यादीने यंत्राची आंधळी बाजूही दाखवली. मोजमाप तालुक्याचे होते. तालुक्याच्या एका टोकाला दोन मोठे पाऊस झाले की सरासरी सुधारते आणि दुसऱ्या टोकाचे करपलेले शिवार त्या सरासरीत दडून जाते. म्हणून आठवडाभरात, ६ नोव्हेंबरला, यादीबाहेरच्या तालुक्यांतली २६८ महसूल मंडळे दुष्काळसदृश म्हणून जोडावी लागली. २०२३ मध्येही तेच झाले. ४० तालुक्यांमागून हजाराच्या आसपास मंडळे आली. हिरवेपणाचेही तसेच. सप्टेंबरातली कपाशी आकाशातून हिरवीगार दिसते, पण पाते गळून झाडावर बोंडे नसतात. मका छातीएवढी उभी असते आणि कणसात दाणा भरलेला नसतो. बांधावरचे तण तर दुष्काळातही हिरवे. झाडाखाली वाकून कणसाचे साल सोलून बघणारा माणूसच ते सांगू शकतो.

मंडळ म्हटले की पिंपळगाव रेणुकाईचा थेट संबंध येतो. हे गाव महसूल मंडळाचे गाव आहे. सरकारी नोंदीत 'पिंपळगाव रेणुकाई' म्हणजे एक गाव नसून आसपासच्या गावांचा एक गट. ३० एप्रिल २०१७ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावी 'महावेध' प्रकल्पातले पहिले स्वयंचलित हवामान केंद्र सुरू झाले आणि पुढे राज्यातल्या २,०६५ मंडळांत अशी केंद्रे उभी करायचे ठरले. दर दहा मिनिटांनी पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद. पूर्वी पर्जन्यमापकातले पाणी सकाळी कोणीतरी मोजपात्रात ओतून बघे. त्या मानाने ही फार मोठी झेप होती, आणि मी तिचे मनापासून स्वागत करणाऱ्यांतला आहे. पण खांबाला लावलेल्या त्या यंत्राला एकाच जागचा पाऊस कळतो. मृगाचा किंवा परतीचा पाऊस कसा पडतो ते भोकरदन तालुक्यातल्या पोरालाही माहीत आहे: रस्त्याच्या या अंगाला ओढा भरून वाहतो आणि त्या अंगाला धूळ उडते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला तर ती अतिवृष्टी. यंत्रात ६० नोंदला गेला आणि तीन कोसांवरच्या शिवारात नव्वद पडून माती वाहून गेली, तर कागदावर तिथे अतिवृष्टी झालेली नसते. खंडाचेही तसेच. ऑगस्ट २०२३ मध्ये पावसाने दडी मारली तेव्हा एकवीस दिवसांहून मोठा खंड पडलेल्या मंडळांना विम्याची पंचवीस टक्के आगाऊ रक्कम देण्याच्या अधिसूचना जिल्हाधिकाऱ्यांनी काढल्या. विमा कंपन्यांनी अनेक ठिकाणी त्यांवर हरकती घेतल्या. सुनावण्या झाल्या, अपिले विभागीय आयुक्तांपर्यंत गेली. भांडण पिकावर नव्हते. यंत्रात कोणत्या दिवशी किती पाऊस नोंदला यावर होते.

आकड्याशी असे भांडण करायची वेळ आली की शेतकरी काय करतो, याचे एक उदाहरण शेजारच्या बीड जिल्ह्याने आधीच दिले होते. जुलै २०१७ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलिस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाचा अंदाज सांगितला, आम्ही पेरणी केली, पाऊस आला नाही, असे त्यांचे म्हणणे. शहरात त्याची चेष्टा झाली. मला त्यात चेष्टेसारखे काही दिसत नाही. अंदाज देणाऱ्याने शक्यता सांगितली होती आणि ऐकणाऱ्याने त्यावर घरातले सगळे बियाणे मातीत टाकले होते. अंदाज किती खात्रीचा आहे आणि चुकला तर काय करायचे हे त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवलेच नव्हते. अशा वेळी माणूस दाद मागायला जाणार कुठे? त्याला माहीत असलेले सर्वांत जवळचे सरकारी दार पोलिस ठाण्याचे होते.

त्याच वर्षीची कर्जमाफी हा या मागोव्यातला सर्वांत दुखरा भाग. २४ जून २०१७ रोजी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली: ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी, दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ. आधीच्या कर्जमाफीत बँकांनी खोटी खाती घुसवल्याचा अनुभव होता, म्हणून या वेळी सगळे संगणकावर. शेतकऱ्याने नवरा-बायकोच्या आधारसह ऑनलाइन अर्ज भरायचा, अंगठा द्यायचा. बँकांनी ६६ रकान्यांत खात्याची माहिती पाठवायची. दोन्ही जुळवून संगणक हिरवी यादी काढणार. हेतू चांगला होता, हे आजही म्हणावे लागेल. पण गावोगावच्या सेवा केंद्रांवर रात्र-रात्र रांगा लागल्या. ज्यांनी उभे आयुष्य माती उकरली त्यांच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, समारंभ करून प्रमाणपत्रे वाटली गेली आणि त्यानंतर याद्यांतल्या चुका बाहेर आल्या. एकाच आधार क्रमांकापुढे वेगवेगळे खातेदार, बँकेच्या आकड्यांचा आणि अर्जाचा मेळ नाही. याद्या थांबवाव्या लागल्या.

ज्याचे नाव यादीत नव्हते तो बँकेत गेला. बँक म्हणाली, आम्ही माहिती वर पाठवली. सेवा केंद्र म्हणाले, अर्ज तर गेला आहे. तहसील म्हणाले, यादी मुंबईहून येते. निर्णय झाला होता आणि तो घेणारा कोणी सापडत नव्हता. युरोपातल्या नेदरलँड्समध्ये याच्याशी मिळतीजुळती गोष्ट घडली. मुलांच्या सांभाळासाठी मिळणाऱ्या भत्त्यात गैरव्यवहार शोधायला तिथल्या कर खात्याने संगणकी जोखीम-निवड वापरली, हजारो निरपराध कुटुंबांवर फसवणुकीचा शिक्का बसला, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तिकडचे कर खाते आणि आपली कर्जमाफी यांत अंतर पुष्कळ आहे, पण दारोदार फिरणाऱ्या माणसाची अवस्था एकच.

आपल्याकडे धडा घेतला गेला, हेही नोंदवले पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत शेतकऱ्याला अर्जच भरायचा नव्हता. बँकांनी माहिती द्यायची, यादी गावात लावायची, शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आपली रक्कम पाहायची आणि ती बरोबर आहे की नाही ते सांगायचे. 'नाही' म्हटले तर तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाई. पहिली यादीही २४ फेब्रुवारी २०२० रोजी फक्त ६८ गावांची काढली, चूक असेल तर तिथेच कळावी म्हणून. संगणक तोच, आधार तेच, बँका त्याच. फरक एवढाच की मधे एक 'नाही' म्हणायची जागा ठेवली होती आणि त्या 'नाही'ला उत्तर देणारा माणूस नेमला होता.

जिथे ही भागीदारी सुरुवातीपासूनच नीट बसली त्या दोन कामांबद्दल बोलायला हवे, कारण त्यांची बातमी कधी मोठ्या अक्षरांत आली नाही.

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीचा मोठा उद्रेक झाला. पुढच्या वर्षी, २००९-१० मध्ये, कृषी विभाग, कृषी विद्यापीठे आणि दिल्लीचे राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र यांनी मिळून कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. शेतकऱ्यांच्या तोंडी तो 'क्रॉपसॅप' म्हणून राहिला. कीड सर्वेक्षक ठरलेल्या शेतांत आणि काही फिरत्या शेतांत जाऊन झाडे तपासत, अळ्या मोजत, सापळ्यातले पतंग मोजत. ते आकडे संगणकात जात. कोणत्या गावात कीड आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडते आहे हे नकाशावर दिसे. मग विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ सल्ला लिहीत आणि तो मोबाइलवर संदेश म्हणून येई. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्याला एक आकडा पाठ झाला: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ. या साखळीत बघा कोण काय करते. डोळे माणसाचे. हजारो नोंदी एकत्र करणे यंत्राचे. अर्थ लावणे तज्ज्ञाचे. फवारायचे की नाही, उद्या की परवा, उसनवारीवर औषध आणायचे की अजून दोन दिवस थांबायचे, हा शेवटचा निर्णय शेतकऱ्याचा. आणि त्याला तो आकडा स्वतःच्या सापळ्यात मोजून पाहता येतो.

दुसरे काम पाण्याच्या ताळेबंदाचे. २०१८ पासून मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या पाच हजारांवर गावांत जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प राबवला गेला. जालना जिल्हा त्यात होता. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एक संगणकी प्रारूप तयार केले. गावाच्या जमिनीची खोली आणि पोत, उतार, पिके आणि मंडळातल्या केंद्राचा रोजचा पाऊस घेऊन ते सांगे की यातले किती पाणी वाहून जाईल, किती मुरेल, किती मातीत ओल म्हणून राहील आणि कोणत्या पिकाला कुठल्या महिन्यात किती पाणी कमी पडेल. हे आकडे घेऊन माणसे गावात येत. शिवार फेरी होई, नकाशा काढला जाई, ग्राम कृषी संजीवनी समिती बसे आणि मग आराखडा ग्रामसभेपुढे जाई. इथे प्रारूपाला कळत नाही असे पुष्कळ निघे. एखाद्या नाल्यावरचा बंधारा कागदावर आहे पण फुटलेला आहे. एका वाडीची विहीर सामायिक आहे आणि वाद कोर्टात आहे. या उतारावर शेततळे बसेल पण जमीन ज्याची आहे तो देणार नाही. आणि गावाला कळत नाही असेही पुष्कळ निघे, विशेषतः हे की सगळ्यांनी ऊस आणि केळीची स्वप्ने पाहिली तर पाणी फेब्रुवारीतच संपते. जालन्याला हा विचार अगदी नवा नव्हता. याच जिल्ह्यातल्या कडवंची गावात १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने, माथा ते पायथा कामे झाली होती, आणि शेततळ्यांच्या आधारावर ते गाव द्राक्षांचे गाव झाले. संगणक नसताना त्या गावाने पाण्याचा हिशोब बसवला. आयआयटीच्या प्रारूपाने तो हिशोब शेकडो गावांना मांडता येईल असा केला. ग्रामसभेची जागा घ्यायचा प्रयत्न त्याने केला नाही, म्हणून ते टिकले असे माझे मत आहे.

अशा वाटणीची कल्पना जुनी आहे. जे. सी. आर. लिकलायडर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० मध्ये माणूस आणि संगणक यांच्या सहजीवनावर एक निबंध लिहिला. त्याने स्वतःच्या कामाच्या वेळेची नोंद ठेवली तेव्हा त्याला दिसले की 'विचार' म्हणून जो वेळ जातो त्यातला सुमारे ८५ टक्के वेळ माहिती शोधणे, आकडे जमवणे, आलेख काढणे यातच जातो. ते काम यंत्राला द्यावे, आणि ध्येय ठरवणे, प्रश्न विचारणे, निकष नेमणे, शेवटी तोलून पाहणे हे माणसाने करावे, अशी त्याची मांडणी होती. मराठवाड्यातल्या तलाठ्याचा किंवा कृषी सहायकाचा दिवस पाहिला तर ते ८५ टक्के आजही खरे वाटतात. अडचण अशी की आपल्या योजनांत यंत्राने वाचवलेला वेळ त्याला शेतात जायला मिळाला नाही. नवी ॲपे भरण्यात तो गेला.

पीक विम्याकडे मी याच नजरेने पाहतो. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने गुणायचे, ते उंबरठा उत्पन्न. मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांत त्याहून कमी उत्पन्न आले तर भरपाई. २०२३ मध्ये राज्याने एक रुपयात विमा दिला, आणि त्याच खरिपापासून काही पिकांसाठी नवा नियम आला: उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेल्या उत्पन्नाच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन, उरलेले कापणी प्रयोगाला. कापणी प्रयोगात हेराफेरी होते, राजकीय दबाव येतो, कंपनीचा आणि सरकारचा वाद होतो. म्हणून हा तोडगा. निर्णयाची वाटणी टक्क्यांत करून दाखवणारे इतके उघड उदाहरण दुसरे नसेल. पण मला ही वाटणी चुकीची वाटते. उपग्रह म्हणतो एकरी सात क्विंटल आणि कापणी म्हणते तीन, तर दोघांतले कोणीतरी चुकते आहे. अशा मंडळात दुसऱ्या दिवशी माणूस पाठवायला हवा. त्याऐवजी दोन्ही आकडे ठरल्या वजनाने मिसळले जातात आणि जो आकडा तयार होतो तो ना शेतात दिसतो, ना आकाशातून.

२०२५ च्या मे महिन्यात राज्याने एक रुपयाची योजना बंद केली आणि भरपाई फक्त मंडळात आलेल्या उत्पन्नावर ठेवली. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल स्थिती, काढणीनंतरचे नुकसान हे भाग गळाले. खोट्या अर्जांचा सुळसुळाट झाला होता हे खरे. पण त्याच सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस कोसळला. नदीकाठच्या जमिनीच खरवडून गेल्या. ज्याला आधी बहात्तर तासांत ॲपवर नुकसान कळवता येत होते त्याच्या हाती ते दारही राहिले नव्हते. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले आणि ६५ मिलिमीटरची अट बाजूला ठेवल्याचे सांगितले. यंत्राचा आकडा बाजूला ठेवून नुकसान पाहायचे, असे संकटाच्या टोकाला सरकारनेच ठरवले. ते योग्य झाले. मात्र हे ठरवायला एवढा मोठा पूर का लागावा? एका मंडळातल्या एका ओढ्याकाठचे दहा शेतकरीही तेच मागत असतात.

माणसाच्या हातात शेवटचा शब्द दिला की सगळे सुरळीत होते, असे मी म्हणणार नाही. जालना जिल्ह्यानेच तो भ्रम ठेवलेला नाही. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपात खोटी नावे घालून पैसे उचलल्याचे २०२५ मध्ये चौकशीत पुढे आले; तलाठ्यांसह अनेक कर्मचारी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. हे सगळे संगणकाच्या लॉगिनवरूनच झाले होते. यंत्राने विचारले नाही की या माणसाच्या नावावर जमीन आहे का, आणि माणसाने यंत्राच्या आड लपून काम उरकले. दोघांनी एकमेकांवर पहारा ठेवायचा असतो. इथे दोघेही झोपले.

आता पिंपळगावच्या मिरचीविषयी. पिंपळगाव रेणुकाईची ओळख हिरव्या मिरचीचा बाजार म्हणून आहे. उन्हाळ्यात ठिबकावर, मल्चिंगवर लावलेली मिरची पावसाळ्याच्या सुरुवातीला तोडणीला येते, आसपासच्या गावांतून पोती भरून गाड्या येतात आणि परराज्यांतले व्यापारी इथे मुक्काम ठोकतात. भाव रोज बदलतो, कधी सकाळ-संध्याकाळ बदलतो. एका अर्थाने या गावात सर्वांत जास्त पैसा ज्या निर्णयांवर फिरतो ते निर्णय अजून पूर्ण माणसाचे आहेत: आज तोडायची की दोन दिवस थांबायचे, या आडतीवर द्यायची की त्या, कोकडा दिसला तर झाड उपटायचे की फवारत राहायचे. राज्याच्या खरीप पीक विम्याच्या यादीत कांदा आहे, मिरची नाही. उपग्रहाच्या उत्पन्न-अंदाजात ती नाही. सापळ्यातल्या पतंगांसारखा पाठ झालेला आकडा फुलकिड्यांसाठी गावात कोणाच्या तोंडी नाही. ज्या पिकावर या गावाचा संसार चालतो ते यंत्रांच्या रकान्यांतच नाही, ही मला या काळातली मोठी उणीव वाटते. यंत्राने निर्णय हिसकावल्याबद्दल आपण बोलतो. ज्यांच्याकडे ते फिरकलेच नाही त्यांच्याबद्दलही बोलले पाहिजे. परराज्यांतल्या बाजारांत काल काय भाव होता, येत्या चार दिवसांत किती गाड्या भरल्या जातील, हे व्यापाऱ्याला फोनवर कळते. शेतकऱ्याला ते पोते खाली उतरवल्यावर कळते.

मिरचीची नोंद निदान एका ठिकाणी होऊ शकते, आणि तिथली रचना मला आशा देते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद तलाठी करत असे; आता शेतकरी आपल्या गटात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि नोंद स्वतः करतो. रेंज नाही, सर्व्हर बसलेला, वडील फोन हाताळू शकत नाहीत म्हणून पोराला बोलवावे लागते, या तक्रारी खऱ्या आहेत. पण १ ऑगस्ट २०२२ पासूनच्या आवृत्तीत तीन गोष्टी नीट ठरवल्या गेल्या. शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानायची. ती चुकली तर ४८ तासांत त्यालाच दुरुस्त करता येईल. आणि दहा टक्के नोंदी तलाठी प्रत्यक्ष तपासेल. यंत्र जागेचा आणि वेळेचा साक्षीदार झाले, बोलणारा शेतकरी राहिला, आणि शंका घेणाराही एक माणूस नेमला गेला.

जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केले, पाचशे कोटींची तरतूद केली. त्याच्या महिनाभर आधी 'महाविस्तार' ॲप आले, ज्यात मराठीत प्रश्न विचारला की उत्तर मिळते. पुढची काही वर्षे अशी उत्तरे देणारी यंत्रे वाढतच जाणार. ती इथे येतील तेव्हा मंडळातल्या लोकांनी काही मागण्या आधीच करून ठेवाव्यात असे मला वाटते. मंडळाच्या केंद्रात नोंदलेला रोजचा पाऊस दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, महिन्याभराने अहवालात नको. त्या आकड्यावर हरकत घ्यायला ई-पीक पाहणीसारखेच ४८ तास असावेत आणि हरकत आली की कोणी शेतात यायचे त्याचे नाव आधी ठरलेले असावे. विम्यात उपग्रह आणि कापणी यांच्यात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तफावत आली तर मिसळणे थांबवून फेरकापणी व्हावी, आणि तिच्या दिवशी गावातले दोन शेतकरी हजर असावेत. आणि पहिला प्रयोग करायचाच असेल तर तो मिरचीवर करावा. कारण या पिकात चूक झाली तर ती त्याच संध्याकाळच्या लिलावात कळते, त्यासाठी डिसेंबरची वाट पाहावी लागत नाही.